लोहक्रूस : जर्मन युद्धपदकांचा संग्रह आणि त्यांच्या अस्सलपणाची परीक्षा

१. प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास 'अस्सल', 'नक्कल' आणि 'बनावट' या तीन संज्ञा पूर्वपरिचित आहेत. ज्या प्रसंगी व ज्या अधिकाराने कागद निघाला असे तो सांगतो, त्याच प्रसंगी व त्याच अधिकाराने तो खरोखर निघाला असेल, तर तो अस्सल. त्याची प्रामाणिक हेतूने, उपयोगासाठी केलेली प्रत ती नक्कल. जे नव्हते ते होते असे भासविण्यासाठी रचलेला कागद बनावट. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद पुष्कळ निर्माण झाले, हे सर्वश्रुत आहे. कारण तेथे कागदाला किंमत होती. जेथे अवशेषाला किंमत येते तेथे बनावट अवशेष उत्पन्न होतो, हा नियम धातूच्या वस्तूंनाही तितकाच लागू पडतो.

दोन महायुद्धांतील जर्मन लष्करी पदके हे या नियमाचे ठळक उदाहरण होय. १९४५ नंतर ही पदके विजयी सैनिकांच्या सामानातून अमेरिकेत, इंग्लंडात, फ्रान्समध्ये व रशियात गेली, तेथून बाजारात आली, आणि मागणी पुरवठ्यापेक्षा वाढताच त्यांच्या प्रतिकृतीही बाजारात आल्या. सन्मानचिन्हांच्या अभ्यासास 'फालेरिस्टिक्स' असे नाव आहे. रोमन सैनिकांच्या छातीवरील 'फालेरा' या धातूच्या बिल्ल्यांवरून हा शब्द १९३७ मध्ये ओल्डरिख पिल्त्स या चेक संग्राहकाने रूढ केला. नाणकशास्त्राच्या मानाने हे शास्त्र तरुण असून त्याची बरीचशी मशागत विद्यापीठांबाहेरील संग्राहकांनी केली आहे. त्यामुळे त्यात सूक्ष्म निरीक्षणाची समृद्धी आहे. परंतु निरीक्षणावरून निष्कर्षाकडे जाण्याची शिस्त मात्र सर्वत्र सारखी नाही.

या विषयातील मूळ अडचण प्रथमच लक्षात घेतली पाहिजे. कागद स्वतःविषयी काही बोलतो. जर्मन पदक बहुधा मुके असते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने दिलेल्या युद्धपदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उठविलेली असे. मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींतील शिपायाच्या घरी असे पदक जपलेले असेल, तर ते कोणाचे, हे ते स्वतःच सांगते. जर्मन लोहक्रूसावर असे नाव सरकारकडून घातले जात नसे. तो लाखांनी निघाला आणि त्यातील प्रत्येक नग दुसऱ्यासारखाच होता. म्हणून येथे दोन प्रश्न अगदी वेगळे ठेवावे लागतात : ही वस्तू त्या काळी त्या अधिकाराने तयार झाली काय, हा पहिला, आणि ती अमुक व्यक्तीला अमुक कृत्यासाठी मिळाली काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे मिळाले, असे मानणे ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक आहे.

२. लोहक्रूसाची परंपरा

प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याने नेपोलियनविरुद्धच्या युद्धाच्या आरंभी ब्रेस्लाउ येथे लोहक्रूसाची स्थापना केली. स्थापनेच्या सनदेवर १० मार्च १८१३ ही तारीख आहे. १८१० मध्ये निवर्तलेली राणी लुईझे हिचा तो जन्मदिवस. सनद प्रत्यक्षात काही दिवसांनी निघाली आणि तिच्यावर मागील तारीख घालण्यात आली. म्हणजे ज्या पदकाच्या अस्सलपणाची एवढी चर्चा होते, त्याच्या जन्मपत्रिकेवरील तारीखही शब्दशः घेता येत नाही. हा कागद अर्थातच बनावट नव्हे. परंतु अस्सल कागदावरील प्रत्येक विधान घटनेशी तंतोतंत जुळते असे नाही, हा धडा येथे आरंभीच मिळतो.

क्रूसाच्या आकाराची कल्पना राजाची असून तिला अंतिम रूप वास्तुशिल्पी कार्ल फ्रीड्रिख शिंकेल याने दिले. मधोमध काळा ओतीव लोखंडी गाभा व भोवती चांदीची चौकट, अशी त्याची घडण ठरली. युद्धासाठी प्रजेकडून सोने मागून घेणाऱ्या राज्याने सन्मानचिन्हाकरिता लोखंड निवडले, यात त्या काळची ओढगस्त व तिचा अभिमान ही दोन्ही दिसतात. दुसरा वर्ग, पहिला वर्ग व महाक्रूस अशा त्याच्या श्रेणी होत्या आणि हुद्द्याचा भेद न करता तो साध्या शिपायालाही मिळू शके.

पुढे प्रत्येक मोठ्या युद्धाच्या वेळी हा सन्मान नव्याने जाहीर करण्यात आला : १९ जुलै १८७० रोजी, ५ ऑगस्ट १९१४ रोजी आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी. १९१४ च्या क्रूसावर पुढील बाजूस मुकुट, मध्यभागी सम्राट विल्हेल्म याचे आद्याक्षर व खालच्या भुजेवर वर्ष आहे. मागील बाजूस १८१३ च्या क्रूसाची ओकची पाने व मूळ राजाची आद्याक्षरे कायम ठेवलेली आहेत. १९३९ च्या क्रूसावर मध्यभागी स्वस्तिक व खाली १९३९ हे वर्ष आले. मागे केवळ १८१३ हा आकडा राहिला. फितीचा रंगही काळा-पांढरा न राहता काळा, पांढरा व तांबडा झाला. हिटलरच्या राजवटीने परंपरेचे वर्ष उचलले आणि राजघराण्याची खूण पुसली. पदकाच्या दोन बाजू शेजारी ठेवून पाहिल्या तर त्या राजवटीचा भूतकाळाशी असलेला व्यवहार एका नजरेत ध्यानी येतो.

पहिल्या महायुद्धात दुसऱ्या वर्गाचे सुमारे ५० लक्ष व पहिल्या वर्गाचे सुमारे २ लक्ष १८ हजार क्रूस दिले गेले, असा अंदाज सामान्यतः स्वीकारला जातो. याच्या उलट टोकास 'पूर ल मेरीत' हा १७४० मध्ये स्थापन झालेला प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान होय. त्या युद्धात तो ६८७ वेळा दिला गेला. १९१६ च्या अखेरीपर्यंत हा क्रूस सोन्याचा असे, पुढे सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा होऊ लागला. टंचाईचा परिणाम राज्याच्या श्रेष्ठ सन्मानावरही कसा झाला, हे यावरून दिसतेच. शिवाय १९१८ मध्ये दिला गेला म्हणून सांगितलेला शुद्ध सोन्याचा क्रूस समोर आला, तर परीक्षकाने थबकले पाहिजे, हा व्यावहारिक निष्कर्षही त्यातून निघतो.

३. दप्तरांची स्थिती

वस्तू मुकी असेल तर दप्तराकडे वळावे, हे ओघानेच येते. पण जर्मन दप्तरांचे भाग्य सारखे नाही. १९१९ पूर्वी जर्मन साम्राज्याचे सैन्य हे प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी व व्युर्टेमबेर्ग यांच्या स्वतंत्र फौजांचे बनलेले होते आणि त्यांची दप्तरेही निरनिराळी होती. प्रशियाच्या फौजेचे दप्तर पोट्सडाम येथील लष्करी अभिलेखागारात होते. १४ एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात त्याचा फार मोठा भाग जळून गेला. म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारातील बव्हेरियन फौजेच्या नोंदवह्या मात्र बचावल्या.

याचा परिणाम संशोधनावर विलक्षण झाला आहे. बव्हेरियन पायदळातील एखाद्या शिपायाला लोहक्रूस मिळाल्याचा दावा पुढे आला, तर पलटणीच्या हजेरीपटात त्याचे नाव, जन्मस्थान, जखमा, बदल्या व सन्मान यांची नोंद शोधता येते. त्याच दर्जाचा, त्याच लढाईत लढलेला प्रशियन शिपाई मात्र बहुधा कागदावरून नाहीसा झाला आहे. त्याच्या घरी राहिलेली सन्मानपत्रिका किंवा 'मिलिटेअरपास' हे सेवापुस्तक एवढाच त्याचा आधार. येथे सावधगिरीचा मुद्दा असा की, दप्तरात नोंद न सापडणे हा बव्हेरियन सैनिकाच्या बाबतीत प्रतिकूल पुरावा ठरू शकतो. प्रशियन सैनिकाच्या बाबतीत तो काहीच ठरत नाही. पुराव्याच्या अभावाचे वजन दप्तराच्या पूर्णतेवर अवलंबून असते.

दुसऱ्या महायुद्धापुरते पाहिले तर फ्रायबुर्ग येथील लष्करी अभिलेखागार आणि सैनिकांच्या वैयक्तिक नोंदी सांभाळणारी बर्लिनची जुनी कचेरी हे मुख्य आधार होत. ही कचेरी २०१९ च्या आरंभी जर्मन संघीय अभिलेखागारात विलीन झाली. सन्मानांच्या स्थापनेचे अध्यादेश राजपत्रात छापलेले आहेत. तसेच सन्मान-कचेरीचा प्रमुख हाइनरिख ड्योले याचा पदकांवरील अधिकृत ग्रंथही उपलब्ध आहे. म्हणून नियम काय होता हे सांगणे सोपे आहे. नियम कोणत्या नगाच्या बाबतीत पाळला गेला, हे सांगणे कठीण.

४. वस्तूची परीक्षा

लोहक्रूसाची रचना साधी दिसते, पण नक्कल करणाऱ्यास ती सोपी नाही. अस्सल क्रूस तीन भागांचा असतो : काळा रंग दिलेला लोखंडी गाभा आणि त्यास दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे चौकटीचे दोन अर्ध. हे अर्ध ठशाखाली दाबून उठविलेले असतात आणि कडेवर झाळून जोडलेले असतात. झाळीची रेघ पुष्कळदा भिंगाने बारकाईने पाहिल्यावरच दिसते. चौकटीच्या आतील कडेवर बारीक दाण्यांची ओळ असते. या दाण्यांची धार, त्यांच्यामधील खोलगट जागा आणि कोपऱ्यांत त्यांचे एकमेकांशी मिळणे यांवर परीक्षकाचे लक्ष प्रथम जाते. कारण ठशाने उठविलेल्या धातूची धार साच्यात ओतलेल्या धातूला येत नाही.

ओतीव नकलेची लक्षणे नाणकशास्त्रज्ञांस ठाऊक आहेत. पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे दिसतात, तपशील बोथट होतो, साच्याच्या जोडाची रेघ घासून काढल्याच्या खुणा राहतात. शिवाय ओतलेला धातू थंड होताना आक्रसत असल्यामुळे, अस्सल नगावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मूळ नगापेक्षा किंचित लहान भरते. म्हणून मापे घेणे हा परीक्षेचा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय होय. १९३९ च्या दुसऱ्या वर्गाच्या क्रूसाची रुंदी सुमारे ४४ मिलिमीटर, तर गळ्यात घालावयाच्या रिटरक्रूसाची सुमारे ४८ मिलिमीटर असते. तथापि येथेही अपवाद आहेत. १९३९ च्या आरंभीच्या काही नगांत १९१४ च्या मापाची, भुजा अधिक बारीक असलेली जुनी चौकट वापरली गेली. संग्राहक त्यांना शिंकेलच्या नावाने ओळखतात. मापाचा नियम आंधळेपणाने लावणारा परीक्षक असा अस्सल नग बनावट म्हणून फेकून देईल.

लोहचुंबकाची कसोटी अशीच दुधारी आहे. गाभा लोखंडी असल्याने तो चुंबकाकडे ओढला गेला पाहिजे, हे खरे. पण बनावट करणाराही लोखंड वापरू शकतो आणि काही अस्सल नगांचा गाभा लोहेतर धातूचाही आढळतो. चुंबकाने शंका उत्पन्न करता येते, निकाल देता येत नाही.

धातूंच्या क्रमाचा पुरावा याहून अधिक बोलका आहे. युद्धाच्या आरंभी अनेक बिल्ले तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचे किंवा जर्मन सिल्व्हरचे होत. तांबे व निकेल शस्त्रास्त्रांकडे वळविले जाऊ लागताच त्यांची जागा जस्ताने घेतली. जस्तावरील मुलामा टिकत नाही. तो करडा पडतो, फुगतो, उडून जातो. त्यामुळे युद्धाच्या उत्तरकाळातील अस्सल बिल्ला बहुधा विद्रूप दिसतो आणि नवशिका संग्राहक त्यालाच नाकारून चकाकणारी नक्कल पसंत करतो. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तो करडा बिल्ला अधिक मोलाचा. कारण युद्धयंत्रणेची धातुटंचाई त्यावर उमटलेली आहे.

अर्वाचीन प्रयोगशाळेने दोन साधने उपलब्ध करून दिली आहेत. पहिले, जंबुपार किरणांचा दिवा. कापड व कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून युद्धोत्तर काळात जी प्रकाशवर्धक द्रव्ये सर्रास वापरात आली, ती या किरणांखाली निळसर चमकतात. फीत किंवा सन्मानपत्रिका अशी चमकली तर ती नंतरची असण्याचा संभव वाढतो. परंतु जुनी फीत कोणी घरी आधुनिक साबणात धुतली असेल तरीही ती चमकेल. आणि जुना कोरा कागद मिळवून त्यावर छापलेली बनावट पत्रिका मुळीच चमकणार नाही. दुसरे साधन क्ष-किरण प्रतिदीप्तीचे. त्याने वस्तूस इजा न होता धातूंचे प्रमाण कळते. पण ते मुख्यतः पृष्ठभागाचे, म्हणजे पुष्कळदा केवळ मुलाम्याचे. दोन्ही साधने अशक्य काय ते सांगतात. वस्तू निश्चितपणे अस्सल आहे, असे दोहोंपैकी एकही सांगू शकत नाही.

५. उत्पादकांच्या खुणा आणि ठशांची वंशावळ

१९१४ च्या क्रूसांच्या कडीवर अनेकदा उत्पादकाची अक्षरे असतात. बर्लिनच्या राजकीय टांकसाळीची खूण त्यांपैकीच एक. दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत अधिक रेखीव झाली. शासनाकडून प्रदान करण्यासाठी पदके पुरविणाऱ्या कारखान्यांना अध्यक्षीय कचेरीने क्रमांक दिले : ल्यूडेनशाइडच्या श्टाइनहाउअर उंट ल्यूक यांचा ४, फोर्त्सहाइमच्या त्सिमरमान यांचा २०, ईडार-ओबरश्टाइनच्या क्लाइन उंट क्वेन्त्सर यांचा ६५. दुकानांतून विक्रीसाठी जो माल जाई त्यासाठी उत्पादकसंघाची 'एल' या अक्षराने आरंभ होणारी वेगळी क्रमांकमालिका होती.

ही दुसरी मालिका ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाची आहे. सन्मान मिळालेला सैनिक गहाळ झालेल्या किंवा रोजच्या वापरातील पदकाऐवजी दुसरे पदक स्वखर्चाने विकत घेऊ शके. असा नग त्या काळचा, अधिकृत परवान्याचा आणि खऱ्या मानकऱ्याच्या छातीवर लागलेला असूनही प्रदान केलेला नग नव्हे. मराठी परिभाषेत बोलावयाचे तर ही समकालीन नक्कल होय. तिला अस्सल म्हणणे जितके चूक, तितकेच तिला बनावट म्हणणेही चूक.

क्रमांक उठविणे बनावट करणाऱ्यास कठीण नाही. म्हणून खुणेपेक्षा ठशाचा अभ्यास अधिक विश्वसनीय ठरतो. ठसा पोलादी असला तरी हजारो वेळा दाबला गेल्यावर झिजतो, त्याला चरे जातात, कुठे टवका उडतो आणि हे दोष पुढील प्रत्येक नगावर उमटतात. दोष वाढतच जातो, भरून येत नाही. त्यामुळे एका ठशातून निघालेल्या नगांचा क्रम लावता येतो. नाणकशास्त्रात हीच पद्धत राज्यकर्त्यांच्या नाण्यांचा क्रम लावण्यास उपयोगी पडली आहे. एका प्रमुख कारखान्याच्या रिटरक्रूसांच्या बाबतीत संग्राहकांनी याच मार्गाने दाखविले की, दाणेदार कडेवर ठळक दोष असलेले नग युद्धकाळातील निश्चित नगांत आढळत नाहीत. म्हणून ते जुन्याच ठशातून, पण युद्धानंतर निघालेले असावेत.

या अनुमानाची ताकद व मर्यादा दोन्ही 'निश्चित नग' या शब्दांत आहेत. आधार म्हणून घेतलेले नगच जर केवळ ठशाच्या लक्षणांवरून निश्चित ठरविलेले असतील, तर सारा युक्तिवाद वर्तुळात फिरतो. आधाराचा नग ठशाव्यतिरिक्त अन्य पुराव्याने सिद्ध झाला पाहिजे : १९४५ मध्ये नोंद होऊन संग्रहालयात आलेला, मानकऱ्याच्या कुटुंबाकडून कागदपत्रांसह थेट मिळालेला, किंवा जप्त केलेल्या साठ्याच्या लेखी यादीतील. १९३९ च्या महाक्रूसाचा तारा याचे चांगले उदाहरण आहे. हा तारा कोणालाही प्रदान झाला नाही. युद्धाच्या अखेरीस अमेरिकन सैन्याच्या हाती लागलेला त्याचा नमुना वेस्ट पॉइंट येथील संग्रहालयात आहे. एखाद्या खासगी संग्रहात असा तारा 'प्रदान केलेला' म्हणून दाखविला गेला, तर ठसा तपासण्याचे कारणच उरत नाही. इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

६. १९५७ चा कायदा

पश्चिम जर्मनीने २६ जुलै १९५७ रोजी पदव्या, सन्मान व मानचिन्हे यांविषयीचा कायदा केला. युद्धात मिळालेले सन्मान धारण करण्यास त्याने परवानगी दिली, मात्र स्वस्तिकाविना. लोहक्रूसावर स्वस्तिकाच्या जागी ओकची तीन पाने आली. पुष्कळदा ज्या कारखान्यांनी युद्धकाळात मूळ पदके घडविली होती, त्यांनीच ही नवी आवृत्तीही घडविली. अशा रीतीने अस्सल मानकऱ्याने, कायदेशीर अधिकाराने धारण केलेले, परंतु सन्मानाच्या घटनेनंतर किमान १२ वर्षांनी तयार झालेले पदक अस्तित्वात आले. वरील वर्गीकरणात त्याला उत्तरकालीन अधिकृत नक्कल म्हणता येईल.

या कायद्याने गोंधळ कमी होण्याऐवजी काही अंशी वाढला. जुने ठसे पुन्हा कामास लागले; आणि जेथे चौकट जुन्या ठशाची असे तेथे गाभा तेवढा बदलला की युद्धकालीन रूप परत येई. जर्मन दंडसंहितेची कलमे ८६ व ८६-अ स्वस्तिकाच्या जाहीर प्रदर्शनास मनाई करतात. अध्यापन, संशोधन व कला यांना सूट आहे आणि वस्तू केवळ बाळगणे हा गुन्हा नाही. जर्मन लिलावांच्या याद्यांत स्वस्तिक झाकलेले असते ते याच कारणाने. परिणामी छायाचित्रावरून परीक्षा करू पाहणाऱ्यास पदकाचा मध्यभागच दिसत नाही.

७. सन्मान खरा की केवळ पदक खरे?

येथवर पहिल्या प्रश्नाचा विचार झाला. दुसरा प्रश्न, म्हणजे सन्मान खरोखर दिला गेला काय, हा १९३९ मध्ये निर्माण केलेल्या रिटरक्रूसाच्या बाबतीत तीव्र झाला. त्याच्या मानकऱ्यांची संख्या सुमारे ७,३०० समजली जाते. ही यादी मुख्यतः मानकऱ्यांच्या संघटनेतील वाल्टर-पेर फेलगीबेल याने सिद्ध केलेली असून दीर्घकाळ ती प्रमाण मानली गेली. पुढे फाइट शेर्त्सर या संशोधकाने अभिलेखागारातील कागद पुन्हा तपासून १९३ नावांबाबत प्रदानाचा पुरेसा पुरावा नसल्याचे दाखविले.

या वादाचा गाभा १९४५ च्या अखेरच्या आठवड्यांत आहे. मुख्यालये हलत होती, दळणवळण तुटले होते, शिफारशी वाटेत अडकल्या होत्या. हिटलरनंतर राज्यप्रमुख झालेल्या ड्योनिट्झच्या नावावर, वरिष्ठ कचेरीत पोहोचलेल्या सर्व शिफारशी सरसकट मंजूर झाल्याचा एक आदेश सांगितला जातो. अनेक उशिराच्या मानकऱ्यांचा दावा त्यावरच उभा होता. परंतु प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र निर्णय न होता असा सामुदायिक सन्मान त्या काळच्या नियमांतही बसत नव्हता. म्हणजे येथे पदक अस्सल असू शकते, सैनिकाचे शौर्यही खरे असू शकते, आणि तरीही सन्मान दिला गेला नव्हता असे म्हणावे लागते. वस्तूच्या परीक्षेत कितीही पारंगत असलेला मनुष्य हा प्रश्न सोडवू शकत नाही. तो दप्तराच्या अभ्यासकाचाच प्रांत आहे.

याउलट, कागद खरा व पदक नंतर जोडलेले, असेही घडते. सेवापुस्तकातील सन्मानाची नोंद, सही, शिक्का, तारीख आणि तुकडीचा त्या दिवशीचा मुक्काम यांचा मेळ बसत असेल, तर कागद विश्वसनीय ठरतो. पण त्या कागदासोबत विक्रीस आलेला क्रूस त्या सैनिकाचाच होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. कारण एकटा क्रूस आणि 'नावासह' क्रूस यांच्या किंमतीत मोठे अंतर असते आणि तेवढ्यासाठी सुटे नग एकत्र बांधले जातात. पहिल्या वर्गाच्या क्रूसाच्या मागे मालकाने खाजगीरीत्या कोरून घेतलेले नाव हा चांगला पुरावा खरा. परंतु कोरीव रेघेच्या तळाशीही भोवतालच्या धातूइतकाच जुनाट काळसरपणा आहे काय, हे पाहणे आवश्यक असते.

८. प्रमाणपत्र आणि प्राण

अस्सलपणाचा हा प्रश्न संग्राहकांच्या बाजारापुरता मर्यादित आहे असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून ज्या प्रसंगी जर्मन राज्यानेच आपल्या नागरिकांकडे युद्धसेवेचा पुरावा मागितला, त्याचा विचार येथे केला पाहिजे.

पहिल्या महायुद्धात सुमारे १ लक्ष ज्यू जर्मन सैन्यात होते व त्यांपैकी सुमारे १२ हजार मृत्यू पावले. हजारोंना लोहक्रूस मिळाला. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू अधिकाऱ्यांना सरकारी नोकरीतून दूर करण्यात आले, तेव्हा हिंडेनबुर्गच्या आग्रहामुळे आघाडीवर लढलेल्यांना सूट मिळाली. एकाएकी जुने सेवापुस्तक व सन्मानपत्रिका यांवर मनुष्याची उपजीविका अवलंबून राहिली. १३ जुलै १९३४ रोजी हिंडेनबुर्गने महायुद्धातील सेवेबद्दल सन्मानक्रूस स्थापन केला. आघाडीवरील सैनिकांसाठी तलवारींसह, इतरांसाठी तलवारींविना, आणि मृतांच्या विधवा व मातापितरांसाठी काळ्या रंगाचा, असे त्याचे तीन प्रकार होते. अर्ज करून तो मिळवावयाचा असे; सुमारे ८० लक्ष लोकांना तो मिळाला आणि त्यांत ज्यू सैनिकही होते. पुढच्याच महिन्यात हिंडेनबुर्ग वारला. त्यानंतरच्या प्रमाणपत्रांवर हा सन्मान 'फ्यूरर' व चान्सेलर यांच्या नावाने दिल्याचा मजकूर आहे. ज्या राजवटीने या माणसांचे नागरिकत्व हिरावले, तिच्याच शिक्क्याने त्यांच्या सेवेची साक्ष दिली.

१९३५ अखेर नोकरीतील सूट संपली. २० जानेवारी १९४२ रोजी वान्झे येथील बैठकीत ६५ वर्षांवरील ज्यू, युद्धात गंभीर जायबंदी झालेले व पहिल्या वर्गाच्या लोहक्रूसासारखे सन्मान मिळालेले यांना तेरेझीनश्टाट येथे नेण्याचे ठरले. अनेकांच्या बाबतीत तो केवळ विलंब होता. तेथून पुढे आउश्वित्सला गाड्या गेल्या. त्या काळी 'हे पदक खरे काय, हे तुझेच काय' या प्रश्नाच्या उत्तरावर मनुष्य कोणत्या गाडीत चढविला जाईल हे ठरत होते. आणि याच राजवटीचा प्रमुख १९१८ मध्ये मिळालेला स्वतःचा पहिल्या वर्गाचा क्रूस आयुष्यभर मिरवीत होता. त्या क्रूसाची शिफारस करण्यात त्याच्या पलटणीतील हूगो गुटमान या ज्यू अधिकाऱ्याचा हात होता.

बाजारात १९३४ च्या सन्मानक्रूसाला फारशी किंमत नाही; तो विपुल आहे म्हणून त्याची नक्कलही कोणी सहसा करीत नाही. पण त्याच्या प्रमाणपत्रावर एखादे ज्यू नाव असेल, तर तो कागद त्या संग्रहातील सर्वांत मौल्यवान ऐतिहासिक साधन ठरू शकेल. किंमत आणि मोल यांतील हे अंतर संशोधकाने सतत मनाशी बाळगले पाहिजे.

९. एक भारतीय प्रकरण

या विषयाचा भारताशी एक थेट धागा आहे. सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीतील वास्तव्यात १९४२ मध्ये आझाद हिंदचे सन्मान स्थापन केले आणि ते व्हिएन्ना येथील रूडोल्फ सूवाल यांच्या कारखान्यात घडविण्यात आले. या कारखान्याने युद्धानंतरही जुनी पदके व बिल्ले घडविले, हे संग्राहकांत सुविदित आहे. त्यामुळे आझाद हिंदचे एखादे पदक जर्मन भूमीवर उभारलेल्या भारतीय तुकडीतील सैनिकाला मिळालेले, न वाटता उरलेले, की मागाहून घडविलेले, हा प्रश्न प्रत्येक नगाबाबत उभा राहतो. लोहक्रूसाच्या परीक्षेची जी पद्धत वर सांगितली तीच येथे लावावी लागेल, आणि राष्ट्रीय भावनेने तिची धार बोथट होऊ देता कामा नये.

१०. उपसंहार

वरील विवेचनावरून परीक्षेचा क्रम पुढीलप्रमाणे लावता येतो. प्रथम इतिहास : असा सन्मान, अशा रूपात, त्या वेळी संभवतो काय? नंतर वस्तू : माप, घडण, धातू, ठसा. नंतर कागद : सही, शिक्का, तारीख व तुकडी यांचा मेळ. शेवटी संबंध : ही वस्तू आणि हा कागद एकत्र कोठून व कोणामार्फत आले? प्रत्येक पायरीवर नकार निर्णायक असू शकतो. होकार मात्र पुढील पायरीपुरताच खरा. आणि निष्कर्ष 'अस्सल' की 'बनावट' एवढ्या दोनच शब्दांत न देता, प्रदान केलेला नग, समकालीन नक्कल, उत्तरकालीन अधिकृत नक्कल व बनावट अशा चार कोटींत देणे इष्ट.

बनावट पदकाने खरेदीदाराचे पैसे जातात, ही हानी लहान आहे. मोठी हानी ही की, न घडलेल्या शौर्याच्या व न दिलेल्या सन्मानाच्या कथा त्याच्याभोवती रचल्या जातात आणि त्या कथांच्या गर्दीत ज्यांची सेवा खरी होती, पण ज्यांचे कागद पोट्सडामला जळाले किंवा ज्यांना ते दाखवूनही राज्याने मानले नाही, ती माणसे हरवतात. लोखंडाचा तो लहानसा क्रूस स्वतः काही बोलत नाही. त्याच्या वतीने कोणी काही सांगू लागले, तर त्या सांगणाऱ्याची साक्ष तपासणे हे इतिहासकाराचे काम आहे.